‘आई, आता शास्त्रीजींसारखं कोण आहे?’

प्रिय काकू,

मी सिन्नर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ३८. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. सीमेवर तणाव होता त्या दिवसांत मी रात्र रात्र मोबाईल बघत जागी राहायचे. ते दिवस सरले, पण माझी झोप काही परत आली नाही. महागाई, शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, कांद्याचा भाव, कुठे दंगल, कुठे पूर, काहीही दिसलं की जीव घाबरा होतो. मग मनात एकच येतं: कुणीतरी मोठा माणूस यायला हवा, ज्याच्या हातात देश सोपवून निवांत झोपता येईल. माझे सासरे, नाना, ऐंशी ओलांडलेले. ते रोज जेवताना म्हणतात, ‘शास्त्रीजींनी सांगितलं आणि आम्ही सोमवारचं रात्रीचं जेवण सोडलं. तसा माणूस पुन्हा होणे नाही.’ माझ्या यजमानांना त्यांचा आवडता नेता तेवढाच थोर वाटतो. मग दोघांचे आवाज चढतात, ताटं तशीच राहतात. परवा माझ्या सहावीतल्या मुलाने विचारलं, ‘आई, आता शास्त्रीजींसारखं कोण आहे?’ मला उत्तर देता आलं नाही. काकू, अशा माणसाची वाट बघणं हा वेडेपणा आहे का? आशा सोडून द्यावी का? आणि मुलाला काय सांगू?

— एक शिक्षिका, सिन्नर

बाई,

तुला ‘अगं’ म्हणते. माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची आहे.

आधी तुझ्या भावाबद्दल. ज्याच्या घरचं माणूस सीमेवर आहे त्याला ‘बातम्या बघू नकोस’ असं सांगणारे खूप भेटतात. मी सांगणार नाही. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये माझा मामा जम्मूकडे होता. आम्ही साताऱ्याला. शेजारच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि आजी संध्याकाळच्या बातम्यांना तिथे ओट्यावर जाऊन बसायची. बातम्या संपल्या की रेडिओ बंद व्हायचा आणि ती पदर सावरून घरी यायची. तिलाही भीती वाटत होती, पण तिच्या भीतीला वेळ ठरलेली होती. तुझ्या हातातलं यंत्र कधी बंदच होत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा, एवढंच ठरव. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. भावाचा फोन येईल म्हणून जवळ ठेवायचाच असेल तर फक्त घंटी चालू ठेव, बाकी सगळं बंद. आणि तीन आठवडे झाले तरी झोप लागली नाही तर डॉक्टरांना दाखव. हे लाजण्यासारखं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. आशा सोडू नकोस. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले: ‘ज्याच्या हातात देश सोपवून निवांत झोपता येईल.’ ती आशा नव्हे गं. तो थकवा आहे, आणि थकलेला माणूस कुणाच्याही हातात काहीही सोपवतो. म्हणून नाना सांगतात त्या दिवसांकडे तुला जरा नीट घेऊन जाते. आठवणीत ते दिवस फार सोपे झालेत.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले. त्याच्या आधी काही वर्षं सगळीकडे एकच प्रश्न होता, ‘नेहरूंनंतर कोण?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तराचा साचा तयार होता: दुसरे नेहरू. तसंच वक्तृत्व, तसंच वलय, जगात तसाच मान. आणि आले कोण? पाच फूट दोन इंच उंचीचे, हळू बोलणारे, वडिलांना दीड वर्षांचे असतानाच गमावलेले लालबहादूर शास्त्री. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष कामराज यांनी खासदारांची, मुख्यमंत्र्यांची मनं चाचपली आणि ज्यांच्या नावाला कमीत कमी विरोध होता ते पुढे आले. शपथ घेऊन महिना होत नाही तोच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. माझे वडील शिक्षक होते, रोज पेपर वाचणारे. ते तेव्हा आईला म्हणाल्याचं मला आठवतं, ‘माणूस चांगला आहे, पण हे ओझं पेलवायचं नाही.’ नानांनाही विचार, जून १९६४ मध्ये त्यांना शास्त्रीजींबद्दल काय वाटत होतं. खरं सांगतील. आज ज्यांची वाट बघावीशी वाटते, ते आले तेव्हा त्यांची वाट कुणी बघत नव्हतं.

त्यांची ओळख पटण्यासारखं काही आधी दिसलंच नव्हतं असंही नाही. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत अरियलूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. शास्त्री रेल्वेमंत्री होते. गाडी त्यांनी चालवली नव्हती, पूल त्यांनी बांधला नव्हता. तरी राजीनामा दिला. त्याच वर्षी आधीच्या एका अपघातानंतरही दिला होता, तेव्हा नेहरूंनी स्वीकारला नव्हता. या वेळी स्वीकारला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण भविष्यातल्या नेत्याची खूण म्हणून तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. लोक भाषणं मोजत होते.

आता सोमवारचं जेवण. ज्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. १९६४-६५ मध्ये देशात धान्य पिकलं सुमारे ८.९ कोटी टन. पुढच्या वर्षी पाऊस इतका दगा देऊन गेला की उत्पादन ७.२ कोटी टनांवर आलं. त्यातच पाकिस्तानशी युद्ध. गहू अमेरिकेतून यायचा आणि तिथलं सरकार तो हात आखडून, थोडा थोडा सोडत होतं. बंदरात जहाज लागलं तर रेशनच्या दुकानात गहू, अशी गत. तेव्हा शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक वेळ न जेवण्याची हाक दिली. सांगतात की त्याआधी त्यांनी घरी सांगून एका संध्याकाळी चूल पेटू दिली नाही. आपली मुलं उपाशी राहू शकतात का हे आधी बघितलं, मग लोकांना विचारलं. हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. आमच्या घरी आई त्या दिवशी फक्त धाकट्या भावाला दूध-भाकरी द्यायची. आम्ही मोठी भावंडं पाणी पिऊन अंगणात बसायचो, आणि खरं सांगते, आम्हाला त्याचं दुःख नव्हतं. जम्मूकडे असलेल्या मामासाठी आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

नाना रोज जे वाक्य म्हणतात ते पुन्हा ऐक. ‘शास्त्रीजींनी सांगितलं आणि आम्ही सोडलं.’ त्यात दोन क्रियापदं आहेत. जेवणाच्या वेळी वाद होतो तो पहिल्यावर. दुसऱ्याकडे कुणी बघतच नाही. शास्त्रीजींची हाक मोठी झाली कारण ती ऐकून लाखो घरांत चुली पेटल्या नाहीत. माझ्या आईला कुणी तपासायला येणार नव्हतं. तिने स्वतःच्या मुलांना उपाशी ठेवलं ते एका माणसावरच्या विश्वासाने, आणि तो विश्वास त्या माणसाने आधी स्वतःच्या घरात मोल देऊन मिळवला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. त्या वर्षी आडात पाणी होतं.

मात्र उपवासाने देशाचं पोट भरलं असं मुलाला सांगू नकोस. ते खरं नाही, आणि खरी गोष्ट याहून सुंदर आहे.

शास्त्रीजींनी अन्नखातं सी. सुब्रमण्यम यांच्याकडे दिलं होतं. जानेवारी १९६५ मध्ये हिंदी राजभाषा होण्याचा दिवस आला आणि मद्रास राज्य पेटलं. तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं, गोळीबारात माणसं मेली. शास्त्रीजींना या आगीचा अंदाज आधी आला नाही, ही त्यांची मोठी चूक. सुब्रमण्यम आणि अळगेसन या दोन तमिळ मंत्र्यांनी राजीनामे दिले. शास्त्रीजींनी ते राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्याकडे पाठवले. राष्ट्रपतींनी ते न स्वीकारण्याचा सल्ला दिला. शास्त्रीजी थांबले, ११ फेब्रुवारीला आकाशवाणीवरून बोलले आणि हिंदी नसलेल्या राज्यांना हवी तोवर इंग्रजी राहील हे नेहरूंनी दिलेलं आश्वासन पाळलं जाईल असं सांगितलं. पंतप्रधान एक पाऊल मागे आले. त्यांच्या पक्षातल्या काहींना ती नामुष्की वाटली.

आणि सुब्रमण्यम खात्यात राहिले. ते राहिले म्हणून पुढचं सगळं घडलं. मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हाच्या जातींवर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी काम करत होते. परदेशी बियाणं नको म्हणणारे संसदेत होते, मंत्रिमंडळात खर्चावरून हरकती होत्या. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याची हिरवळ नांगरून तिथे तो गहू पेरला. लोकांना दाखवायचं तर आधी आपल्या अंगणात. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणं मेक्सिकोहून आलं. त्या आधी, जानेवारी १९६५ मध्येच, भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं होतं आणि शेतकऱ्याला भाव किती द्यायचा हे सुचवणारा आयोगही त्याच वर्षी नेमला गेला. तुझ्या गावात कांद्याच्या भावावरून जी भांडणं होतात ना, त्यातला ‘हमीभाव’ हा शब्द त्या काळाची देणगी आहे. कांद्याला तो मिळत नाही, हे दुखणं वेगळं. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. ऑक्टोबर १९६४ च्या अखेरीस शास्त्रीजी गुजरातेत आणंदला पशुखाद्याच्या कारखान्याच्या उद्घाटनाला गेले. आदल्या रात्री अजरपुरा नावाच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्काम केला. रात्री उशिरापर्यंत गावकऱ्यांशी बोलत बसले: दूध किती निघतं, पैसे कधी मिळतात, गावात दलितांना दूध घालता येतं का. सकाळी तिथली अमूल डेअरी चालवणारे कुरियन यांना त्यांनी विचारलं की माती इथली तशीच, पाऊस तसाच, म्हशीही काही जगावेगळ्या नाहीत, मग इथली डेअरी चालते आणि सरकारी डेअऱ्या का बुडतात? कुरियन म्हणाले, ही शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. पंतप्रधानांनी ते ऐकून घेतलं आणि देशभर असंच उभं करायला सांगितलं. १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं, तेही दिल्लीत नव्हे, आणंदला.

या माणसाला गहू कळत होता की म्हशी? आपल्यापेक्षा जास्त कळणारा माणूस कोण, हे त्यांना कळत होतं. त्याला शोधायचं, त्याचं ऐकायचं आणि मग त्याच्यामागे उभं राहायचं. संकटात मला नेत्याकडून हे हवं असतं. सगळं मलाच कळतं म्हणणारा नेता दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. तुझ्या यजमानांना सांग, हे मी त्यांच्या नेत्याला टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. त्यांनी आपल्या नेत्याकडे या एका नजरेने बघावं आणि जे दिसेल ते स्वतःशी खरं मानावं. नानांनीही शास्त्रीजींकडे तसंच बघावं. भाषेच्या प्रश्नावरची चूक आहे, आणि पाकिस्तानशी झालेल्या ताश्कंद करारात युद्धात जिंकलेली काश्मीरमधली हाजीपीरची खिंड परत दिल्याची खंत सैनिकांच्या घरांत अजून बोलली जाते. माझा मामा तर शेवटपर्यंत बोलायचा. तरी सोमवारी तो जेवायचा नाही. दोन्ही एका माणसात राहू शकतं.

नाना नाशिककडचे, म्हणून त्यांना दुसऱ्या एका माणसाची आठवण करून दे. यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनपुढे आपलं सैन्य मागे हटलं होतं, बोमडिला पडलं होतं, आसाम जातो की काय अशी धास्ती होती. नेहरूंनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकासारखं पाठ केलंय. नंतर लोकसभेवर यशवंतराव निवडून गेले ते तुमच्याच नाशिकमधून, आणि बिनविरोध.

पण त्या वाक्यामुळे वाटतं की ते गेले आणि लढाई फिरली. तसं झालं नाही. ते दिल्लीत पोहोचले त्याच सुमारास चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली. त्यांच्या वाट्याला आला पराभवानंतरचा पसारा. बर्फात सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत लढलेले जवान, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रायफली, एकमेकांवर विश्वास न उरलेले सेनाधिकारी आणि मंत्रालय. तिथून पुढची चार वर्षं त्यांनी जे केलं त्याचे पोवाडे होत नाहीत. रोज सकाळी तिन्ही दलांच्या प्रमुखांना आणि सचिवांना एका टेबलाशी बसवून कामं उलगडायची. डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन, लोकरीचे कपडे, दारूगोळ्याचे कारखाने, पाच वर्षांचा खर्चाचा आराखडा. सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत उभं राहून त्यांनी प्रशिक्षणात, साहित्यात, नेतृत्वात काय कमी पडलं ते सांगितलं. पराभवाच्या चौकशीचा पूर्ण अहवाल मात्र सरकारांनी आजवर जाहीर केलेला नाही, आणि तो जाहीर व्हायला हवा असं माझं मत आहे. मग १ सप्टेंबर १९६५ आला. छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग परवानगी मागायला आले, यशवंतरावांनी तिथल्या तिथे दिली, आणि त्याच संध्याकाळी विमानं उडाली. ती काही मिनिटं सगळ्यांना आठवतात. त्याआधीच्या जवळपास तीन वर्षांच्या सकाळच्या बैठका कुणाला आठवत नाहीत.

आणि १९६२ ची अवस्था आली कशी? तेव्हा देशाकडे थोर नेता नव्हता का? होता. नेहरूंइतकं प्रेम त्या काळात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल. तू म्हणतेस तसा देश त्यांच्या हातात सोपवून लोक निवांत झोपले होते. सीमेवर काय चाललंय हे विचारणारे होते, पण थोडे, आणि त्यांच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. तरी त्याच नेहरूंची एक गोष्ट मी कधी विसरत नाही. युद्ध चालू असताना सदतीस वर्षांच्या अटलबिहारी वाजपेयींनी आणि इतरांनी संसदेचं अधिवेशन ताबडतोब बोलवा म्हटलं. नेहरूंनी बोलावलं. ८ नोव्हेंबरपासून आठवडाभर चर्चा झाली, दीडशेहून जास्त खासदार बोलले, सरकारला तोंडावर सुनावलं, आणि हे सगळं तिकडे तोफा चालू असताना. त्याच्या आदल्याच दिवशी, तोवर संरक्षण खातं सांभाळलेल्या कृष्ण मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं होतं, आणि त्यासाठी हट्ट धरला तो नेहरूंच्याच पक्षातल्या खासदारांनी. म्हणजे यशवंतराव ज्या खुर्चीवर आले ती रिकामी झाली प्रश्न विचारणाऱ्यांमुळे. ‘संकटात प्रश्न विचारू नयेत’ असं तुला कुणी सांगितलं तर हा आठवडा सांग.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हेच बजावून गेलेत. थोर माणसाबद्दल कृतज्ञता ठेवावी, पण आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. देशाच्या फाळणीच्या जखमा ओल्या असताना, गांधीजींच्या हत्येला दोन वर्षंही झाली नसताना, म्हणजे मोठ्या माणसाची गरज सगळ्यात जास्त वाटावी अशा वेळी त्यांनी हे सांगितलं. तुझ्या शाळेत संविधान दिनाला उद्देशिका वाचून घेता. त्याच्या आदल्या दिवसाचं हे भाषणही एकदा मुलांना सोप्या शब्दांत सांग.

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरी.’ ती नेहमी भित्र्यांना लाज वाटावी म्हणून वापरतात. मला तिच्यात आणखी एक दुखणं दिसतं. आपण महाराजांची वाट बघतो ती घोड्यावरच्या, तलवार उपसलेल्या महाराजांची. चिपळूणच्या छावणीला त्यांनी लिहिलेलं पत्र काढून वाच. पावसाळ्यापुरता साठवलेला दाणागोटा आणि गवत आत्ताच उधळून टाकाल तर पुढे घोडी मरतील. मग रयतेकडून कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, आणि लोक म्हणतील याच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवाल तर उंदीर वात घेऊन जाईल आणि गवताची गंजी पेटेल. एवढं मोठं राज्य उभं करणारा राजा उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतोय! अशी काळजी घेणारं कुणी तुझ्या ग्रामपंचायतीत असलं, तर तू त्याला ओळखशील का? त्याला मत देशील? की पुन्हा मोठ्या आवाजाच्या माणसाकडेच बघशील?

म्हणून सांगते, आशा कर, पण ती चेहऱ्याशी बांधू नकोस. आधी स्वतः सोसून मग मागणारा, चुकलं तर मागे येणारा, जाणत्याचं ऐकणारा, विरोधकाला बोलू देणारा माणूस दिसला की त्याला धरून राहा, मग तो सरपंच असो, तहसील कार्यालयातला अधिकारी असो की पंतप्रधान. अशी माणसं दिल्लीत एकाएकी उगवत नाहीत. शास्त्रीजी अलाहाबादच्या नगरपालिकेत होते, यशवंतराव कराडच्या शाळेतून आणि बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतून आलेले.

तू सरकारी शिक्षिका आहेस, प्रचारात उतरता येणार नाही, ते योग्यच आहे. पण ग्रामसभेला जाता येतं. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की बायका घरी जातात आणि ग्रामसभेत पुरुष उरतात, हे मी किती गावांत पाहिलंय! पुढच्या वेळी तू बस, चार जणींना घेऊन बस, आणि एकच प्रश्न विचार: टंचाई आली तर टँकर कुणी, कधी, कुठल्या विहिरीवरून मागवायचा हे ठरलंय का? सिन्नरच्या पूर्व भागाला हा प्रश्न नवा नाही. उत्तर मिळालं तर लिहून ठेव. नाही मिळालं तर पुढच्या सभेत पुन्हा विचार. तुझी रात्रीची धडधड यातच कमी होईल असं मला मनापासून वाटतं, कारण त्या धडधडीचं अर्धं कारण हात रिकामे असणं हे आहे.

शाळेतही एक कर. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक तुमच्याकडे होतच असेल. दरवर्षी बहुतेक उंच, बोलका मुलगा मुख्यमंत्री होतो. या वर्षी मत देण्याआधी मुलांना आठवडाभर निरीक्षण करायला सांग: भांडण झालं तेव्हा कोण मध्ये पडलं, पोषण आहाराच्या रांगेत कोण शेवटी उभं राहिलं, चूक झाली तेव्हा ‘मी केलं’ असं कोण म्हणालं. मग मत द्यायला सांग.

घरातल्या वादाचं म्हणशील, तर जेवताना ‘कोण मोठा’ हा विषय महिनाभर बंद. तो नियम तूच घाल, सून म्हणून नको, बाई म्हणून घाल. वर्गात घालतेस तसा. त्याऐवजी येत्या सोमवारी मुलाला नानांजवळ बसव, वही-पेन दे आणि त्याला विचारू दे: त्या सोमवारी तुम्ही काय केलंत? तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? घरात कोण कोण होतं? भूक लागली तेव्हा काय केलंत? कुणी चोरून खाल्लं का? शास्त्रीजींबद्दल नको, नानांबद्दल विचारू दे. साठ वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसेल. यजमानांनाही तिथेच बसू दे, नुसतं ऐकायला.

आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला सांग की शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे ताश्कंदला गेले. त्यांच्या काळात ज्याची तयारी झाली तो गहू त्यांनी पाहिला नाही. १९६८ मध्ये तो इतका पिकला की पंजाबात ठेवायला गोदामं पुरेनात, शाळांना लवकर सुट्टी देऊन वर्गांमध्ये पोती रचली. तुझ्यासारख्या एखाद्या बाईंनी तेव्हा फळ्यापर्यंत रचलेली पोती पाहिली असतील. एवढं सांगून त्यालाच विचार, तुझ्या वर्गात, आपल्या गावात असं काम करणारं कोण आहे? मी वाट बघते, तो कुणाचं नाव घेतो ते मला कळव. भाऊ सुट्टीवर आला की तेही कळव.

तुझी,
काकू